शकुन, मुहूर्त आणि रोजचं सुख: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणाचं मूल परीक्षेला निघालं, कुणाला फ्लॅटचं टोकन द्यायचं असलं, कुणाच्या घरी नवी सून यायची असली की आमच्याकडे फोन येतो. पूर्वी हे फोन आजीला यायचे. ती गेली आणि खातं माझ्याकडे आलं, माझा यातल्या अर्ध्या गोष्टींवर विश्वास नसूनही. त्याच त्याच प्रश्नांची उत्तरं देऊन तोंड दुखलं, म्हणून एकदा लिहूनच काढते.

शकुन म्हणजे नेमकं काय?

पक्षी. खरंच. संस्कृतात 'शकुन' या शब्दाचा एक अर्थ पक्षी असाच आहे. पक्षी कोणत्या बाजूने गेला, कुठे बसला, कसा ओरडला यावरून लोक पुढचं ताडायचे. त्यातून पुढे कसलंही चिन्ह म्हणजे शकुन झालं. कावळा ओरडला की पाहुणा येणार, हे आपण अजून म्हणतोच.

भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, हे खरं का?

हा माझा लाडका प्रश्न. भारद्वाज म्हणजे काळं अंग, विटकरी पंख, लालभडक डोळे. कुणी त्याला कुंभारकावळा म्हणतं, कुणी कुकुडकोंबा. तो काही उंच आकाशात मिरवत नाही. झुडपांच्या बुडाशी, कुंपणाच्या कडेने चालत किडे, गोगलगायी, सरडे शोधत फिरतो. मोबाईलमध्ये डोकं घालून चालणाऱ्याच्या पुढून तो गेला तरी पत्ता लागणार नाही. भारद्वाज बघायचा तर थांबावं लागतं आणि घाईत नसावं लागतं.

रिचर्ड वाइजमन नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने स्वतःला नशीबवान समजणाऱ्या आणि कमनशिबी समजणाऱ्या लोकांना एक वर्तमानपत्र देऊन त्यातले फोटो मोजायला सांगितले होते. आतल्या पानावर ठळक अक्षरांत छापलं होतं, की मोजणं थांबवा, फोटो इतके आहेत. नशीबवान मंडळींना ते चटकन दिसलं. बाकीचे मान खाली घालून मोजत राहिले. भारद्वाजाचं मला असंच वाटतं. ज्याची नजर सकाळी कुंपणाकडे जाते, त्याचा दिवस अर्धा तिथेच बरा झालेला असतो.

घरातून निघताना हातावर दहीसाखर का ठेवतात?

दही थंड, साखरेने तरतरी, वगैरे स्पष्टीकरणं तुम्ही वाचली असतील. चमचाभर दह्याने पेपर सोपा जात नाही. पण दहीसाखर द्यायला घरातलं कुणीतरी हातातलं काम टाकून दारापर्यंत येतं. तुम्ही चप्पल घालून उभे, ओंजळ पुढे केलेली, आणि समोरचं माणूस तुमच्याकडे बघतंय. दिवसभरात तेवढाच अर्धा मिनिट कुणी आपल्याकडे नीट बघितलेलं असतं.

माझ्या बारावीच्या पहिल्या पेपराला आजीने दही दिलं. घाईत ते माझ्या हॉलतिकिटावर सांडलं. पेपर संपेपर्यंत त्या कागदाला आंबूस वास येत होता. पेपर बरा गेला, पण भौतिकशास्त्राचा अजिबात गेला नाही, आणि त्या दिवशीही दही होतंच.

'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं, असं का?

कारण निघणारा परत यावा. याला मी शकुनापेक्षा भाषेची माया म्हणेन. मराठीने असे कितीतरी शब्द जपून ठेवलेत. आपण दिवा विझवत नाही, मालवतो. देवापुढे नारळ फोडत नाही, वाढवतो. जुनी माणसं मीठ 'संपलं' म्हणत नाहीत, मीठ 'वाढलं' म्हणतात. बांगडी फुटली तरी 'वाढवली'. दुकान बंद करायची वेळ झाली की म्हातारे दुकानदार दुकान 'वाढवतात'. संपणं, फुटणं, विझणं हे सगळं रोज होतच असतं, तोंडाने मात्र त्याचं नाव घ्यायचं नाही. बाहेरगावी वाढलेल्या मुलांना हे समजावताना मजा येते. माझ्या भाचीने एकदा सरळ विचारलं, "मीठ वाढलं असेल तर आणायला मला का पाठवतेस?"

मांजर आडवं गेलं, शिंक आली, पाल चुकचुकली, डोळा लवला. काय करू?

मांजर: जाऊ द्या, त्यालाही कामं असतात. शिवाय आपल्याकडे ज्याने लोक माघारी फिरतात ते काळं मांजर ब्रिटनमध्ये बऱ्याच ठिकाणी शुभ समजतात.

शिंक: आमच्याकडे पाणी पिऊन, मिनिटभर बसून निघायचं असा रिवाज. तो मी पाळते. त्या मिनिटात गॅस बंद आहे का आणि किल्ली घेतली का, हे दोनदा तरी आठवलंय.

पाल: 'कृष्ण कृष्ण' म्हणून बोटाने लाकडावर टकटक करा, मोफत आहे.

डोळा: बायकांचा डावा आणि पुरुषांचा उजवा लवला तर चांगलं म्हणतात. पापणी फडफडण्यामागे बहुतेकदा जागरण, थकवा आणि जास्तीचा चहा असतो. काही आठवडे थांबतच नसेल तर पंचांग नको, डोळ्यांचा डॉक्टर गाठा.

पण असं काही मानल्याने फायदा होतो, असं विज्ञानानेही सिद्ध झालंय ना?

थोडं सावकाश घ्या. २०१० साली जर्मनीत एक प्रयोग झाला. गोल्फचा चेंडू देताना काहींना सांगितलं, 'हा लकी चेंडू आहे', आणि त्यांचे नेम जास्त लागले. ही बातमी जगभर फिरली. २०१४ मध्ये अमेरिकेत जास्त माणसं घेऊन तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा लकी चेंडूने काहीच फरक पडला नाही. पहिली बातमी सगळ्यांना ठाऊक, दुसरी कुणाला नाही. फॉरवर्ड करताना नेहमी असंच होतं.

साडेतीन मुहूर्त कोणते? त्या दिवशीच खरेदी करावी का?

गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा हे तीन पूर्ण, आणि दिवाळीचा पाडवा म्हणजे बलिप्रतिपदा हा अर्धा. ही रूढ यादी. काही घरांत अर्धा म्हणून अक्षय्य तृतीया धरतात. त्यावरून सासर-माहेर भांडण लावू नका. या दिवसांची गंमत अशी की वेगळा मुहूर्त काढावा लागत नाही. अख्खा दिवस चांगला.

खरेदीचं म्हणाल, तर सोनं त्या दिवशी घेतल्याने वाढत नाही, पेढीवर गर्दी मात्र वाढते. दसऱ्याला आपण सोनं म्हणून आपट्याचं पान देतो, ती मला या सगळ्यातली सर्वात शहाणी प्रथा वाटते. एक पैसा खर्च न करता दिवसभर लोकांच्या घरी जायचं, पान द्यायचं, मोठ्यांच्या पाया पडायचं. अडचण इतकीच, की बाजारात आपटा म्हणून बऱ्याचदा कांचनाच्या फांद्या विकतात आणि त्यासाठी झाडं ओरबाडतात. एक पान पुरतं. गड्डी लागत नाही.

राहुकाळात फोन करू नका असं सांगितलंय. नक्की वेळ कोणती?

सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे आठ समान भाग करायचे. सोमवारी दुसरा, शनिवारी तिसरा, शुक्रवारी चौथा, बुधवारी पाचवा, गुरुवारी सहावा, मंगळवारी सातवा आणि रविवारी आठवा भाग म्हणजे राहुकाळ. सहाला उजाडतं आणि सहाला मावळतं असं धरून सोमवारी साडेसात ते नऊ वगैरे वेळा छापतात. पण डिसेंबरअखेरीस मुंबईत सूर्य सातनंतर उगवतो, म्हणजे त्या सोमवारी राहुकाळ साडेआठच्या सुमारास लागतो. छापील वेळ पाहून साडेसातला घरात दबा धरून बसलेले आणि साडेआठला निश्चिंतपणे बाहेर पडलेले कितीतरी लोक मी ओळखते. त्यांचं सगळ्यांचं ठीक चाललंय. हेच माझं उत्तर.

अमावास्येला गाडी घेतली तर?

तमिळनाडूत अनेक घरांत अमावास्या नव्या कामाला चांगली मानतात. आणि आपलं लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येलाच असतं की. हेल्मेट आणि विमा बघा.

दुकानाला लिंबू-मिरची बांधावी का?

एक लिंबू, सात मिरच्या, कुठे वर बिब्बा, शनिवारी नवी. अलक्ष्मीला आंबट-तिखट आवडतं, ती दारातच खाऊन परत फिरते, आत येत नाही, अशी समजूत आहे. अवलक्षणी पाहुणीलाही उपाशी न पाठवणारी ही कल्पना मला गोड वाटते. दोऱ्यातून 'क' जीवनसत्त्व हवेत पसरतं हे फॉरवर्ड मात्र थाप आहे, त्याला काही आधार नाही. आणि जुनी लिंबू-मिरची रस्त्यावर टाकू नका. तुमची अलक्ष्मी दुसऱ्याच्या टायरखाली देण्यात कसलं पुण्य?

भवानी म्हणजे काय? त्यावर एवढा विश्वास का?

सकाळची पहिली विक्री म्हणजे भवानी. कुणी बोहनी म्हणतं. भाजीवाली ते पैसे कपाळाला लावते आणि मग गल्ल्यात टाकते. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं तर तिला दिवस खोटा वाटतो, म्हणून भावही चटकन उतरवते. आपण याचा फायदा घेतो. मी उलटं करून बघितलं. आमच्या मंडईच्या कोपऱ्यावर मेथी घेऊन बसणाऱ्या मावशींकडून भवानीच्या वेळी घासाघीस न करता जुडी घ्यायची, एवढंच. दहाएक रुपयांचा प्रश्न. त्या पैसे कपाळाला लावताना आपण समोर उभे असतो, आणि त्यांच्या दिवसाची सुरुवात आपल्या हाताने झालेली असते. मंडईतून घरी येईपर्यंत हे डोक्यात राहतं.

२००८ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका प्रयोगात सकाळी लोकांना पाच किंवा वीस डॉलर दिले. निम्म्यांना सांगितलं, संध्याकाळी पाचपर्यंत स्वतःवर खर्च करा; निम्म्यांना, दुसऱ्यावर करा. दुसऱ्यावर खर्च करणारे संध्याकाळी जास्त खूश होते, आणि पाच दिले की वीस याने फरक पडला नाही. मेथीची जुडी त्यात बसते.

लॉटरी लागली तर सुटलो ना एकदाचे?

महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून आहे. म्हणजे हा प्रश्न विचारणाऱ्यांची तिसरी पिढी चालू आहे. १९७८ चा एक अमेरिकी अभ्यास सगळे सांगतात: २२ लॉटरी विजेते, तेवढेच त्यांचे साधे शेजारीपाजारी, आणि अपघाताने अंग लुळं पडलेले २९ जण. विजेते शेजाऱ्यांपेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत. वर मित्राशी गप्पा, सकाळची न्याहारी, एखादा विनोद ऐकणं अशा साध्या गोष्टींत त्यांना कमी मजा येत होती.

यावरून 'पैशाने सुख मिळत नाही' असा बोर्ड रंगवायला लोक मोकळे होतात, आणि बहुधा ते लोक भाडं वेळेवर भरू शकणारे असतात. २२ माणसं ही मोजणी फार लहान. पुढे स्वीडनमध्ये हजारो विजेत्यांचा अभ्यास झाला, तेव्हा मोठी रक्कम मिळालेले लोक कितीतरी वर्षांनंतरही आयुष्याबाबत जास्त समाधानी दिसले. पैशाने काळजी कमी होते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. न्याहारीची चव टिकवणं हे वेगळं काम आहे, ते लॉटरी करून देत नाही. आणि तिकीट लागेल असं धरून कर्ज काढू नका, एवढं कृपा करून ऐका.

निर्णयच होत नाही. देवाला कौल लावू का?

गोव्यात आणि कोकणात देवळात कौल लावतात, प्रसाद घेतात. ओल्या पाकळ्या किंवा कळ्या मूर्तीला चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार. एका मैत्रिणीबरोबर मी अशी एकदा बसले होते. नोकरी सोडायची की नाही, हा तिचा प्रश्न. पाकळी काही केल्या पडेना. पंचवीस मिनिटं झाली. मध्येच ती माझ्या कानाशी म्हणाली, "डावी पडली तरी मी सोडणार आहे गं." म्हणजे कौल मिळाला होता.

स्टीव्हन लेविट या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने असाच उद्योग नाणेफेकीने केला. नोकरी सोडू का, नातं तोडू का अशा पेचात अडकलेल्यांनी संगणकावर नाणं उडवायचं. वीस हजारांहून जास्त नाणी उडाली. सहा महिन्यांनी विचारलं तर ज्यांनी बदल केला होता ते, न बदलणाऱ्यांपेक्षा, जास्त सुखी होते. आपण अडतो ते बहुधा उगाच जास्त अडतो. पण शस्त्रक्रिया करायची की नाही हे ना पाकळीला विचारा ना नाण्याला.

हळदीकुंकवाला कुणाला बोलवावं?

ज्यांना बोलवावंसं वाटतं त्या सगळ्यांना. इथे मात्र मला हसू येत नाही. वर 'वाढवणे' या शब्दाचं इतकं कौतुक केलं, पण नवरा गेला की त्याच बाईच्या बांगड्या वाढवत नाहीत, फोडतात. भाषेची माया तिथेच संपते. काल जिच्या हातचं कुंकू शुभ होतं, ती आज समोर आली तर अपशकुन. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकी गावांनीही तसं करावं असं परिपत्रक काढलं.

माझ्या आजीला आजोबांनंतर सत्तावीस वर्षं कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. फोनवरून मुहूर्त तिचा चालायचा, समारंभाला ती चालायची नाही. संक्रांतीला आमच्याकडे आता यादी होते तेव्हा पहिली नावं त्या बायकांची असतात. दोघी-तिघी सुरुवातीला 'मी कशाला' म्हणाल्या. तिळगूळ घेऊन मागेच बसल्या. यंदा त्यातल्याच एकीने वाण काय लुटायचं ते ठरवलं: भाजी चिरायच्या सुऱ्या. सगळ्यांना फार आवडल्या.

एक गृहस्थ नशीब बदलून देतो म्हणतात, पूजेचे पैसे आगाऊ मागतात. देऊ का?

नाही. पैशाचा पाऊस, गुप्तधन, करणी उतरवणं असलं काही सांगत असतील तर सरळ पोलीस ठाण्यात जा. महाराष्ट्रात २०१३ पासून नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोण्याविरुद्धचा कायदा आहे. त्यासाठी नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झगडले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात त्यांची हत्या झाली आणि डिसेंबरमध्ये कायदा मंजूर झाला. तुमची देवपूजा, वारी, नवस यांना तो हात लावत नाही. भीती घालून लुबाडणाऱ्याला लावतो.

लाफिंग बुद्धा दुसऱ्याने भेट दिला तरच लाभतो का?

तो गौतम बुद्ध नव्हे. चीनमधला बुदाई नावाचा पोटाळ, हसरा भिक्षू. भेट द्यायची तर पुस्तक द्या.

सुखी देशांच्या यादीत आपण इतके खाली का?

२०२५ च्या जागतिक अहवालात १४७ देशांत भारत ११८ वा, आणि फिनलंड सलग आठव्यांदा पहिला. पण तिथे 'तुम्ही किती हसता' असं विचारत नाहीत. शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी समजा, तुमचं आयुष्य कोणत्या पायरीवर आहे, असं विचारतात. आपल्याकडे पाच म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शेजाऱ्याची आठवी पायरी असते. त्याच अहवालात एक प्रकरण एकत्र जेवण्यावर आहे: जे इतरांबरोबर जास्त वेळा जेवतात ते आयुष्याबद्दल जास्त समाधानी आढळतात. टीव्हीसमोर एकेक ताट घेऊन चौघांनी चार कोपऱ्यांत बसणं यात धरलं जाऊ नये, असं माझं मत.

रोज तीन तास लोकलमध्ये जातात. त्यात कसलं सुख?

दसऱ्याच्या आदल्या कामाच्या दिवशी मुंबईची कुठलीही लोकल बघा. झेंडूची तोरणं, डब्यात पूजा, पेढे. ज्या डब्यात रोज कोपरं लागतात त्याच डब्याची. शिकागोत २०१४ च्या एका प्रयोगात रोजच्या प्रवाशांना अनोळखी माणसाशी बोलायला सांगितलं. सगळ्यांना वाटत होतं कंटाळवाणं होईल, पण गप्प बसलेल्यांपेक्षा बोललेल्यांचा प्रवास बरा गेला. लेडीज डब्यात वाटाणे सोलत बसणाऱ्या बायकांना हे प्रयोगाशिवाय माहीत आहे. फक्त सातच्या गर्दीत, दाराशी लटकलेल्याशी गप्पा मारायला जाऊ नका.

हे सगळं करूनही मन कशातच रमत नाही. मी कुठे चुकते?

कुठेही नाही. दोन-अडीच आठवडे रोज उदास वाटतंय, झोप-भूक बिघडलीय, आवडती गोष्टही नको वाटते, तर तो आजार असू शकतो आणि त्याला औषध आहे, बोलणं आहे. 'सकारात्मक विचार कर' म्हणणाऱ्यांकडे थोडे दिवस जाऊ नका. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर हे पान इथेच सोडा आणि आधी तो फोन लावा, किंवा शेजारच्या माणसाला उठवा.

आमच्या सोसायटीत भारद्वाज दिसतच नाही. काय करू?

आधी ऐका. खोल, घुमणारा 'हूप-हूप-हूप' असा आवाज येतो. पाण्याच्या टाकीत कुणी बोलतंय असं वाटतं. सकाळी, उन्हं तापायच्या आत, जिथे माळ्याने कात्री चालवलेली नाही अशा झुडपाच्या बुडाशी बघा. कुंपणाची मेंदी दर महिन्याला छाटत असाल तर सेक्रेटरींशी बोला, एक कोपरा रानटी ठेवा. आमच्याकडे पार्किंगच्या मागे असा एक कोपरा राहिलाय, तो केवळ माळीकाका आळशी आहेत म्हणून. गेल्या पावसाळ्यात तिथे जोडी होती. कबुतरं मात्र प्रत्येक सोसायटीत आहेत, आणि त्यांना शुभ म्हणणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही.